लेक डिस्ट्रिक्टमध्ये आठवडाभर घर घेऊन चालणं: तयारीपासून किल्ली परत ठेवेपर्यंत

नवऱ्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून त्रास देतोय. आतकरवाडीतून सिंहगड चढणं त्याने सोडलेलं नाही, पण चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला विश्रांती लागते. २०२३च्या दिवाळीत परदेशी डोंगरात चालायला जायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यात आधी हाच प्रश्न समोर आला. गटाने निघणाऱ्या ट्रेकमध्ये "आज राहू दे, उद्या चढू" असं म्हणायची सोय नसते. मग एका जुन्या ट्रेकर मैत्रिणीने सुचवलं, "इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात आठवडाभर घर घ्या. स्वयंपाक आपला आपण करायचा, सकाळी दारातून चालत निघायचं, संध्याकाळी त्याच दारात परत."

तिथे अशी घरं आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. भांडी, शेगडी, फ्रीज, पांघरुणं सगळं असतं, जेवण मात्र नसतं. हे सगळं आम्ही जून २०२४मध्ये केलं. ठरवण्यापासून परत येईपर्यंत सात महिने गेले. त्यातला सगळ्यात अवघड भाग डोंगरात नव्हता, कोणते पैसे कधी भरायचे यात होता, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते.

जागा म्हणून लेक डिस्ट्रिक्ट पटकन ठरलं. इंग्लंडच्या वायव्येला, १९५१पासून राष्ट्रीय उद्यान, २०१७पासून जागतिक वारसा. तिथलं, आणि अख्ख्या इंग्लंडमधलंच, सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॅफेल पाइक. त्याची उंची ९७८ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजली तर आपल्या सिंहगडापेक्षा कमी. पण हा आकडा फसवा आहे. आपण सिंहगडाच्या पायथ्याला पोचतो तेव्हा बरीच उंची गाडीनेच मिळालेली असते. तिथली दरी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आसपास असते, त्यामुळे जवळजवळ सगळा चढ पायांनाच चढावा लागतो.

घर निवडायला मात्र तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात मी फक्त फोटो बघत होते: दगडी भिंती, चुलीशेजारची खुर्ची, खिडकीत फुलं. मग नवऱ्याने नकाशा उघडला आणि आमची पद्धतच बदलली. तिथल्या सरकारी मोजणी खात्याचा, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा असतो. आमच्या भागाचा क्रमांक ओएल ४. त्यावर लोकांच्या हक्काच्या पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. आम्ही प्रत्येक घर त्यावर शोधलं आणि तीन गोष्टी पाहिल्या. दारापासून किती हिरव्या रेषा निघतात? त्यातली निदान एक नदीकाठाने, सपाटीवरून जाते का? आणि बसथांबा चालत किती लांब आहे? आम्ही तिथे गाडी चालवणार नव्हतो. शेवटच्या प्रश्नावरच अर्धी घरं बाद झाली. एक फारच सुंदर घर होतं, पण ते थांब्यापासून पाच किलोमीटर आत, तेही चढावर. रोजचं चालणं संपल्यावर आणखी पाच किलोमीटर, हातात दुधाची पिशवी घेऊन. ते सोडताना वाईट वाटलं, पण सोडलं.

शेवटी डेरवेंटवॉटर तळ्याच्या दक्षिणेला बॉरोडेल नावाची दरी आहे, तिथल्या रॉस्थवेट गावातलं दोन माणसांचं घर मिळालं. तळ्याच्या उत्तर टोकाच्या केझिक या बाजारगावाहून येणारी ७८ नंबरची बस गावातच थांबते. घर ७ जून ते १४ जून, शुक्रवार ते शुक्रवार. बहुतेक घरांचा आठवडा शुक्रवारी किंवा शनिवारी बदलतो, मधल्या वारी सुरुवात करता येत नाही. त्यामुळे विमानाच्या तारखा आधी ठरवू नका, आधी घराचा वार बघा. जूनचा पहिला पंधरवडा घेतला, कारण मेअखेरची शाळांची सुट्टी संपलेली असते आणि जुलैअखेरची मोठी सुट्टी लागायची असते. त्याच घराचं भाडं ऑगस्टमध्ये बरंच जास्त होतं. आम्हाला आठवड्याला ७२० पौंड पडले. १८ डिसेंबरला एक तृतीयांश, म्हणजे २४० पौंड भरून घर पक्कं केलं.

आणि पैसे भरल्यावर मग अटी नीट वाचल्या. आधी वाचायला हव्या होत्या. उरलेली रक्कम मुक्कामाच्या दहा आठवडे आधी भरायची होती, म्हणजे २९ मार्चला. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला अर्ज आणि निकालाला साधारण तीन आठवडे. व्हिसा हातात यायच्या आत सगळं भाडं भरा, आणि नकार आला तर ते गेलं! दोन रात्री मला झोप लागली नाही. नवरा म्हणाला, "विचारून तर बघ."

मी घरमालकीणबाईंना सरळ ईमेल लिहिली: आम्ही भारतीय पासपोर्टवर येतो, अर्ज या तारखेच्या आधी करता येत नाही, निकाल अमुक दिवसांत येतो, तर उरलेले पैसे १२ एप्रिलपर्यंत भरले तर चालतील का? तारखांसकट लिहिलं, आर्जवं केली नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चालेल. सगळीकडे असं होईल असं नाही. पण आगाऊ रक्कम भरण्याआधी हा प्रश्न विचारला असता तर माझी ती दोन रात्रींची झोप वाचली असती. तुम्ही आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

व्हिसाचा अर्ज ६ मार्चला ऑनलाइन भरला. साधा पर्यटक व्हिसा, सहा महिन्यांचा, तेव्हा माणशी ११५ पौंड. फॉर्म लांब आहे. गेल्या दहा वर्षांतले परदेश प्रवास, आईवडिलांच्या जन्मतारखा, महिन्याचा खर्च, मुक्कामाचे पत्ते. माझ्या सासऱ्यांची जन्मतारीख शोधायला नवऱ्याला त्यांच्या जुन्या नोकरीचे कागद काढावे लागले. ती आधी शोधून ठेवा. मी नोकरी करते, त्यामुळे रजा मंजूर झाल्याचं पत्र, पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणं. नवरा निवृत्त आहे, त्याचे पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचे कागद आणि मुदतठेवींच्या पावत्या. लंडनमध्ये दोन रात्री भाचीकडे राहणार होतो, तिचं पत्र जोडलं. विमानाचं तिकीट जोडलं नाही. ब्रिटिश सरकारच्या कागदपत्रांच्या मार्गदर्शिकेतच विमानाची आणि हॉटेलची आरक्षणं पुरावा म्हणून पाठवू नका असं लिहिलेलं आहे, तरी आपल्याकडे व्हिसाआधी तिकीट काढायचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात.

१४ मार्चला पुण्यातल्या केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो. कागद घरीच स्कॅन करून चढवले होते, त्यामुळे आत अर्धा तासच लागला. खिडकीवर एसएमएस, कुरिअर अशा जादा सेवा सुचवतात; त्या ऐच्छिक असतात, नाही म्हटलं तरी अर्जाला काही होत नाही. मग वाट बघणं. मधे ईस्टरच्या सुट्ट्या आल्या, त्या कामाच्या दिवसांत मोजत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पासपोर्ट आले. दोघांचेही व्हिसे लागले होते. त्या संध्याकाळी गुढीसाठी साखरेच्या गाठी आणायला गेलो आणि येताना बऱ्याच दिवसांनी दोघं निवांत चालत आलो.

पुढच्या दोन दिवसांत सगळं उरकलं. घराचे उरलेले ४८० पौंड. मुंबई–लंडन विमान, ५ जूनला जाणं आणि १६ला परतीचं, दोघांचे मिळून सव्वा लाखाच्या आसपास. डिसेंबरात काढली असती तर स्वस्त पडली असती, ही उशिराची किंमत. रेल्वेसाठी दोघांच्या नावाचं 'टू टुगेदर रेलकार्ड' ३० पौंडांना घेतलं. दोघं बरोबर असाल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. मी आधी ८:३०ची गाडी निवडली होती आणि सूट का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसले होते. साडेनऊनंतरची गाडी निवडली आणि लंडन युस्टन ते पेनरिथ, म्हणजे केझिकला जवळचं रेल्वे स्टेशन, दोघांचं तिकीट ७४ पौंडांत मिळालं. गाडीला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.

सामानाचं थोडक्यात. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे घरीच. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मुगाची डाळ नेली. दीड लिटरचा कुकर नेला, त्याचं रोज चीज झालं. तिथल्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगसाठी दोन अडॅप्टर. आणि पावसाळी पँट. जॅकेट सगळे घेतात, पँट विसरतात. जूनमध्ये आपल्याला पाऊस अंगावर घ्यायची हौस असते, पण दहा-बारा अंशांत भिजणं वेगळं. बॉरोडेलच्या टोकाला सीथवेट म्हणून वस्ती आहे, ती इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची वस्ती मानली जाते, वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. लोणावळ्याचा पाऊस आपण चार महिन्यांत पाहतो, तिथे तो बारा महिन्यांत वाटून पडतो. म्हणजे कुठलाच आठवडा कोरडा धरून चालता येत नाही.

चालण्याचं नियोजन आम्ही तारखांनुसार केलं नाही, आणि आमच्या सगळ्या तयारीतला हाच निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. सहा वाटा निवडल्या आणि तीन गटांत ठेवल्या: पावसाच्या, ढगाळ दिवसाच्या, स्वच्छ दिवसाच्या. वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा आडाखा वापरला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. जानेवारीपासून तो सिंहगडावर आणि राजगडावर स्वतःवर लावून पाहिला. आम्हाला त्याच्या पावणेदोनपट वेळ लागतो हे कळलं. मग प्रत्येक वाटेपुढे आमचा वेळ लिहिला, परतीच्या बसची वेळ लिहिली, आणि 'इथून मागे फिरता येईल' अशी एक खूण केली.

७ जूनला पेनरिथ स्टेशनबाहेरून केझिकची बस, पाऊण तास. इंग्लंडमध्ये तेव्हा बहुतेक बसचं एकेरी तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड होतं. घर चार वाजता मिळणार होतं, म्हणून आधी केझिकमध्येच आठवड्याचा बाजार केला: तांदूळ, बटाटे, कांदे, अंडी, दही, लोणी, पाव, फळं. ४६ पौंड. गावात फार दुकानं नसतात, तेव्हा बाजार वाटेतच करा. मग ७८ नंबरची बस. तळं उजवीकडे ठेवत ती दरीत शिरते, पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की मला ताम्हिणी घाट आठवला.

किल्ली दाराशेजारच्या आकडेवाल्या पेटीत होती. आत टेबलावर दूध, पाव आणि एक वही. वहीत आधी राहून गेलेल्यांनी लिहिलेलं: कुठल्या फाटकाजवळ चिखल असतो, बस चुकली तर काय करायचं. मी ती त्या रात्री सगळी वाचली. रात्री म्हणायचं इतकंच, दहाला अजून उजेड होता. पहिल्याच फोडणीला धुराचा अलार्म वाजला. नंतर मोहरी झाकणाखाली तडतडू दिली, खिडकी उघडी आणि शेगडीवरचा पंखा चालू. हे लक्षात ठेवा, त्या आवाजाने छाती धडधडते.

शनिवारी नदीकाठाने ग्रेंज गावापर्यंत आणि येताना कॅसल क्रॅग. फक्त २९० मीटरची टेकडी, पण शेवटचा टप्पा पाटीच्या दगडाच्या घसाऱ्यातून वळणं घेत चढतो. वर जुनी खाण आहे आणि पहिल्या महायुद्धात गेलेल्या बॉरोडेलच्या मुलांची नावं कोरलेली पाटी आहे. एवढ्याशा दरीतली ती नावं वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. रविवारी पाऊस. नवऱ्याने गुडघ्याला शेक दिला, मी खिचडी टाकली, दुपारी छत्री घेऊन फक्त ओढ्यापर्यंत गेलो. गटाबरोबर असतो तर हा दिवस सक्तीचा झाला असता, किंवा बुडाला तरी असता.

सोमवार स्वच्छ. बसने केझिक, तिथून लाँचने तळ्यापलीकडे हॉझ एंडच्या धक्क्यावर, आणि कॅटबेल्स. ४५१ मीटर. नेस्मिथप्रमाणे एक तास, आम्हाला एक तास पन्नास मिनिटं. धारेवर चढताना एक छोटा कातळटप्पा हात लावून चढावा लागतो. तिथे खडकात टी. ए. लेनर्ड यांच्या स्मृतीची पाटी बसवलेली आहे. हे लँकेशरमधल्या कोन गावचे धर्मोपदेशक. १८९१मध्ये त्यांनी गिरणीकामगारांना चालण्याच्या सुट्टीसाठी लेक डिस्ट्रिक्टमधल्याच ॲम्बलसाइडला आणलं, आणि त्यातून पुढे परवडणाऱ्या सहकारी सुट्ट्यांची चळवळ उभी राहिली. गिरण्यांच्या मुंबईत माझे आजोबा पाळीत काम करायचे. त्यांना वर्षातून एकदा गावच्या होळीला जायला मिळायचं, तीच त्यांची सुट्टी. त्या पाटीवर हात ठेवून मी उभी राहिले. उतरताना ग्रेंजकडे उतरलो, म्हणजे त्याच वाटेने मागे यायला नको, आणि पुलाजवळ बस मिळते.

वाटा शेतांतून जातात, मेंढ्यांच्या कुरणांतून, कधी कोणाच्या अंगणाच्या कडेने. पहिले दोन दिवस मला सारखं वाटायचं, कोणीतरी ओरडेल. पण त्या वाटेवर चालायचा हक्क कायद्याने आहे, आणि २०००च्या कायद्याने बरेचसे मोकळे डोंगरमाथेही चालणाऱ्यांना खुले झाले. फक्त फाटक जसं असेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

मंगळवारी केझिकचं पेन्सिलींचं संग्रहालय. याच दरीत सीथवेटला ग्रॅफाइट सापडलं, त्यातून तिथला पेन्सिलींचा धंदा उभा राहिला. बुधवारी दारातूनच निघून डोंगर ओलांडून वॉटेन्डलथ, तळ्याकाठी चहा, पुढे ॲशनेस पुलावरून उतरून बस. डब्यात थालीपीठ होतं, थंडीत ते लोण्याबरोबर काय लागतं!

गुरुवारी सीथवेटहून स्टायहेड खिंडीकडे निघालो. सकाळी डोंगरांचा वेगळा हवामान अंदाज पाहिला होता. त्यात वाऱ्याचा वेग आणि ढगांचा तळ किती उंचीवर असेल हे दिलेलं असतं. दुपारनंतर ढग खाली येणार होते. वाटेतल्या छोट्या तळ्यापर्यंत पोचलो, खिंडीत गेलो. तिथे बचावपथकाच्या स्ट्रेचरची पेटी ठेवलेली आहे. तिथून पुढे स्कॅफेल पाइकची वाट जाते. नवऱ्याचं मन होतं, माझंही होतं. पण कागदावर आमचीच खूण तिथे होती, वेळ पाऊण तासाने मागे पडली होती आणि समोरची धार दिसेनाशी होत होती. मोबाइलला रेंज नव्हती. मागे फिरलो. अर्ध्या तासात असा पाऊस आला की स्टॉकली पुलाखालचा ओढा पांढरा झाला. तिथली बचावपथकं स्वयंसेवकांची असतात, ती पैसे घेत नाहीत. ९९९ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं. पाठ केलं होतं, लागलं नाही.

शुक्रवारी दहाच्या आत घर रिकामं करायचं होतं. भांडी धुऊन जागच्या जागी, कचरा सांगितलेल्या डब्यांत वेगवेगळा, फ्रीज पुसून. दोघांचा आठवड्याचा खर्च घर सोडून, म्हणजे बाजार, बस, लाँच आणि चहा मिळून, १६० पौंडांच्या आत राहिला. उरलेले तांदूळ आणि मीठ फडताळात ठेवलं. मग वहीत लिहिलं, आधी इंग्रजीत आणि खाली मराठीत: गावाजवळ नदीत पाय ठेवून पलीकडे जायचे दगड आहेत, ते मोठ्या पावसानंतर बुडतात, तेव्हा पुलावरून जा. तारीख घातली, किल्ली पेटीत ठेवली, आकडे फिरवले आणि थांब्यावर जाऊन उभे राहिलो.